'तोतया' म्हणजे नेमका कोण? शब्दाचा अर्थ आणि उगम

सदाशिवपेठकर (धाग्याचे लेखन)

पुण्याच्या वृत्तपत्रांत 'तोतया' हा शब्द आता जवळजवळ रोज भेटतो. पहाटे फिरायला निघालेल्या आजींना गाठून "पुढच्या चौकात खून झाला आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा" असे सांगणारे तोतया पोलीस, लग्न जुळवण्याच्या संकेतस्थळांवर गणवेशातली छायाचित्रे लावणारे तोतया लष्करी अधिकारी, मंत्रालयातून आल्याचे सांगणारे तोतया सचिव अशा सर्वांना हा एकच शब्द पुरतो. माझा प्रश्न असा आहे की या शब्दाची मूळ व्याप्ती एवढीच होती का, आणि तो आला कुठून?

मी ज्या पेठेत राहतो तिला थोरल्या माधवरावांनी आपल्या काकांचे, म्हणजे सदाशिवरावभाऊंचे नाव दिले. 'तोतया' हा शब्द महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा बसला तो याच भाऊंच्या नावाला चिकटून. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ पानिपतावर पडले. रणांगणावर सापडलेल्या देहाची ओळख पटवून त्यावर अग्निसंस्कारही झाला, परंतु पुण्यात त्यांच्या मृत्यूविषयीची शंका फिटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्य कधीच स्वीकारले नाही आणि त्या अखेरपर्यंत सौभाग्यलेणी घालून राहिल्या. जिथे घरातलीच माणसे वाट पाहत होती, तिथे कोणी तरी "मीच तो" म्हणत उभा राहणे फार अवघड नव्हते. पानिपतानंतर काही वर्षांतच असा एक मनुष्य उत्तरेत प्रकटला, माधवरावांच्या कारकिर्दीत पकडला गेला आणि पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यात बंदिवान झाला. १७७६ मध्ये तो सुटला आणि त्याने जे काही केले त्याला आपण 'तोतयाचे बंड' म्हणतो.

मला तीन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. पहिली, शब्दाची व्युत्पत्ती. दुसरी, 'तोतया' ठरण्यासाठी विशिष्ट खऱ्या व्यक्तीचे नाव घेणे आवश्यक आहे, की नुसता खोटा हुद्दा सांगणेही पुरते? तिसरी, 'बहुरूपी', 'भोंदू', 'भामटा', 'ठक' हे शब्द हाताशी असताना मराठीला या वेगळ्या शब्दाची गरज का वाटली?

बोरूबहाद्दर

व्युत्पत्तीपुरते बोलतो. हा शब्द हिंदी 'तोता'वरून आला, म्हणजे पोपटासारखे पढवलेले बोलणारा तो तोतया, असे अनेक जण आत्मविश्वासाने सांगतात. कल्पना आकर्षक आहे, कारण भाऊंच्या तोतयालाही घराण्याची माहिती कोणी तरी पढवली असणार असे आपल्याला सहज वाटते. तरीही मला ती पटत नाही. मराठीत त्या पक्ष्याला पोपट, राघू, रावा म्हणतात. पढवलेल्या बोलण्यासाठी आपण 'पोपटपंची' हा शब्द घडवला, 'तोतेपंची' नव्हे. तोतापुरी आंब्याचे नाव सोडले तर 'तोता' आपल्या बोलण्यात फारसा शिरलेलाच नाही. जो शब्द भाषेने मूळ अर्थानेही नीट घेतला नाही, त्याच्यापासून साधित शब्द मात्र घरोघरी पोहोचला, हे मानणे कठीण आहे.

'तोतरा'शी नाते जोडणारे म्हणतात की उलटतपासणीत जो अडखळतो तो तोतया. यात तर्क उलटा चालतो. अडखळणारा मनुष्य कोणाचा तोतया होऊच शकत नाही, त्या धंद्याला जीभ सरळ चालावी लागते.

मोडीवाचक

उत्तर मराठीतच आहे असे मला वाटते. जुन्या मराठीत 'तोत' हे स्वतंत्र नाम होते. त्याचा अर्थ बनाव, कपट, खोटे उभे केलेले प्रकरण. आज तो शब्द एकट्याने ऐकू येत नाही, परंतु 'तोत उभा करणे' म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी रचणे, हा प्रयोग जुन्या लेखनाच्या वाचकांना परका नाही. असा तोत जो उभा करतो, किंवा ज्याच्या रूपाने तो उभा केला जातो, तो तोतया. 'थोतांड' हा शब्द ध्वनीने आणि अर्थाने याच्या शेजारीच बसतो, हेही लक्षात घ्यावे. पोपटापर्यंत जाऊन परत यायचे कारण उरत नाही, कारण जो अर्थ आपण शोधत आहोत तो 'तोत' या शब्दात आधीपासूनच आहे.

शब्दाचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. 'रुपया'चे अनेकवचन 'रुपये', तसे 'तोतया'चे 'तोतये'. 'भामटा'चे 'भामटेगिरी', 'मुत्सद्दी'चे 'मुत्सद्देगिरी', त्याच धर्तीवर 'तोतयेगिरी'. 'तोतयागिरी' असेही छापलेले दिसते, पण माझ्या कानाला 'तोतयेगिरी' हेच रूप घरचे वाटते.

आणखी एक गैरसमज दूर करतो. तोतया हे त्या बंडखोराचे नाव किंवा आडनाव नव्हते. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता. त्याच्यामुळे शब्द जन्मला नाही, शब्दाला प्रसिद्धी मात्र मिळाली. पुढे न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, तेव्हा ती प्रसिद्धी रंगभूमीपर्यंत पोहोचली.

भीमाकाठ

व्युत्पत्ती मोडीवाचक यांनी सांगितली तीच मलाही ग्राह्य वाटते. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मराठ्यांच्या इतिहासात 'तोतया' हा आरोप भाऊंच्या आधी दोनदा थेट छत्रपतींच्या गादीपर्यंत गेला होता आणि त्या दोन प्रसंगांतून शब्दाचा खरा अर्थ कळतो.

पहिला प्रसंग शाहू महाराजांचा. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेले, त्या वेळी त्यांचे वय सात वर्षांचे होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये ते सुटून आले ते पंचविशीतले तरुण म्हणून. मधल्या अठरा वर्षांत स्वराज्यातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेले नव्हते. ताराबाईंनी हा शाहू खरा नव्हे, तोतया आहे, अशी भूमिका घेतली. खंडो बल्लाळ यांनी ओळख पटवली, धनाजी जाधव शाहूंच्या बाजूस आले आणि आपल्या जिल्ह्यातल्या खेडजवळ ऑक्टोबर १७०७ मध्ये जी लढाई झाली तिचा निकाल त्या ओळखीवर लागला. सैन्य किती होते यापेक्षा समोरचा मनुष्य खरा की खोटा, हा प्रश्न त्या मैदानात मोठा होता.

दुसरा प्रसंग याहून विलक्षण आहे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्याआधी ताराबाईंनीच आपला नातू म्हणून रामराजाला पुढे आणले होते, इतकी वर्षे त्याला गुप्तपणे वाढवले होते असे सांगितले होते. तो गादीवर बसला. परंतु तो पेशव्यांविरुद्ध आपल्या म्हणण्याप्रमाणे चालत नाही असे दिसताच ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातू नव्हे, गोंधळ्याच्या घरातला मुलगा आहे, असे जाहीर केले. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. ज्यांनी ओळख दिली त्यांनीच ती देवासमोर काढून घेतली. एवढे होऊनही पेशव्यांनी रामराजाला छत्रपती म्हणूनच मानले आणि १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत गादी त्याच्याच नावाने चालली.

यावरून माझे मत असे बनले आहे की तोतया होण्यासाठी खोटा वेष किंवा खोटे नाव एवढे पुरत नाही. एक रिकामी जागा लागते, त्या जागेला चिकटलेला हक्क लागतो, आणि त्या हक्कावर आपला दावा सांगणारा मनुष्य लागतो. हक्क नसेल तर तो तोतया नव्हे.

सदाशिवपेठकर

भीमाकाठ यांच्या 'हक्क' या कसोटीवर काही उदाहरणे तपासून पाहू या. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला आणि त्याने प्राण दिला. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याला हिरोजी फर्जंद महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन निजला. दोघांनीही विशिष्ट, जिवंत, खऱ्या व्यक्तीचे सोंग घेतले आणि पाहणाऱ्यांना पूर्णपणे फसवले. तरी कोणाही मराठी माणसाच्या तोंडून या दोघांसाठी 'तोतया' हा शब्द निघणार नाही. शिवा काशीदला आपण 'प्रतिशिवाजी' म्हणतो. एकाच कृतीसाठी भाषेने दोन शब्द ठेवले आहेत. ज्याने दुसऱ्याचे नाव घेऊन त्याचे संकट आपल्या अंगावर घेतले तो 'प्रति', आणि ज्याने नाव घेऊन त्याचे वैभव मागितले तो 'तोतया'. हा भेद कोणत्याही व्याख्येपेक्षा मला अधिक बोलका वाटतो.

जुनी तालीम

पुराणांतही हीच कसोटी लागू पडते. विराटनगरीत धर्मराज कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला आणि द्रौपदी सैरंध्री झाली. तो अज्ञातवास होता, तोतयेगिरी नव्हती, कारण त्यांनी कोणाचीही जागा बळकावली नाही, उलट आपली स्वतःची जागा सोडली होती. याउलट पौंड्रक वासुदेव पाहा. त्याने कृत्रिम शंख-चक्रे धारण केली आणि खरा वासुदेव मीच आहे, तू ही चिन्हे सोडून दे, असा निरोप थेट श्रीकृष्णालाच धाडला. तोतया या शब्दाला शोभेल असा याहून जुना मनुष्य मला आठवत नाही. दमयंतीच्या स्वयंवरात नलाचे रूप घेऊन बसलेले चार देवही त्या क्षणापुरते तोतयेच होते, आणि खऱ्या नलाला ओळखण्याची तिची रीत आजच्या तपास अधिकाऱ्यानेही शिकावी अशी आहे. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांना घाम येत नव्हता आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तोतया जे करतो त्यापेक्षा त्याला जे करता येत नाही त्यावरूनच तो सापडतो.

बहुरूप्यांविषयीही लिहितो. पेठांच्या बोळांतून पोलिसाचा गणवेश घालून येणारे बहुरूपी आमच्या पिढीने पुष्कळ पाहिले. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे" असे म्हणून दारात उभा राहणारा तो मनुष्य पोलीस नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे आणि त्यालाही ते ठाऊक असे. सोंग उघडे असते, दाद मिळते, पसाभर धान्य किंवा चार पैसे मिळतात. त्याची गणना तोतयांत करणे हा एका कष्टाळू लोककलेवर अन्याय आहे, आणि खऱ्या तोतया पोलिसांच्या बातम्यांमुळे या कलावंतांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, याचे मला मनापासून दुःख आहे.

कोथरूडची वकील

कायद्याची बाजू मांडते, कारण 'तोतयेगिरी' हा आता कायद्याचा पारिभाषिक शब्द आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१६ ला मराठीत 'तोतयेगिरी करून ठकवणूक' असे म्हटले जाते. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की ज्या व्यक्तीची तोतयेगिरी केली ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, अपराध घडतोच. म्हणजे धागालेखकांच्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याने स्पष्ट उत्तर दिले आहे आणि ते भीमाकाठ यांच्या कसोटीपेक्षा सैल आहे. कलमाखालच्या उदाहरणांपैकी एक मात्र भाऊंच्या प्रकरणाला अक्षरशः लागू पडते. 'क' हा मरण पावलेल्या 'ख' असल्याची बतावणी करून ठकवतो, तेव्हा 'क' तोतयेगिरी करून ठकवतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता हा अपराध कलम ३१९ मध्ये आहे आणि पूर्वीची कमाल तीन वर्षांची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या आवाखाली कृती करणे हा निराळा अपराध असून तो कलम २०४ मध्ये येतो. त्यात किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास आहे. संगणक किंवा मोबाईल वापरून तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागते. व्हिडिओ कॉलवर पोलीस ठाण्याचा देखावा उभारून 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगणारे याच कक्षेत येतात. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, हे या निमित्ताने पुन्हा नोंदवते, कारण याला बळी पडणाऱ्यांत सुशिक्षित निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत.

भीमाकाठ

कायद्याची व्याख्या रुंद आहे हे मान्य, परंतु त्यामुळे कसोटी सैल होते असे मला वाटत नाही. तोतया पोलीस कोणा विशिष्ट हवालदाराचे नाव घेत नसला तरी खाकीला जोडलेला अधिकार तो आपला म्हणून वापरतो. पूर्वी हक्क माणसाला आणि घराण्याला चिकटलेला होता, म्हणून तोतया भाऊंचा असे, जनकोजी शिंद्यांचा असे. आज हक्क पदाला चिकटलेला आहे, म्हणून तोतया पोलिसाचा असतो, आयकर अधिकाऱ्याचा असतो. षष्ठी विभक्तीतला 'भाऊंचा तोतया' जाऊन 'तोतया पोलीस' हा प्रयोग का आला, याचे कारण मला यातच दिसते.

मोडीवाचक

हे निरीक्षण उत्तम आहे. ते 'तोतया' आणि 'बोगस' यांतला फरकही उलगडते. पदवी नसताना दवाखाना चालवणाऱ्याला वृत्तपत्रे 'बोगस डॉक्टर' म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण त्याची पाटी त्याच्याच नावाची असते, खोटी असते ती पदवी. तोच मनुष्य दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरच्या नावाने आणि नोंदणी क्रमांकाने औषधे लिहून देऊ लागला, तर तो तोतया झाला.

१७७६ च्या प्रकरणाविषयी धागालेखकांनी थोडक्यात लिहिले, तिथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण 'तोत' उभा राहण्यासाठी काय काय लागते ते तिथे दिसते. नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला होता. सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्ये जन्मले, म्हणजे पेशवा दोन वर्षांचे मूल होते. राघोबादादा गादीवर दावा सांगत होते आणि इंग्रज त्या भांडणात उतरले होते. अशा वेळी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैदेतल्या माणसाला सोडले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. कोकणातला बराच मुलूख आणि किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे जमली, आणि त्याची फौज बोरघाटाजवळच्या राजमाचीपर्यंत येऊन ठेपली. जमलेले सगळेच लोक फसलेले होते असे मी मानत नाही. कित्येकांना कारभाऱ्यांविरुद्ध उभे राहण्यासाठी एक थोर नाव हवे होते. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो समुद्रमार्गे निसटत असता राघोजी आंग्रे यांनी त्याला पकडून पुण्याकडे रवाना केले. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश चौकशीला बसला, तो तोतया ठरला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

नाना फडणीस स्वतः पानिपतावर भाऊंच्या सहवासात होते. भाऊंना जवळून ओळखणारा मनुष्य कारभाराच्या केंद्रस्थानी असतानाही रीतसर चौकशी करावी लागली, कारण प्रश्न नानांच्या खात्रीचा नव्हता, लोकांच्या खात्रीचा होता. केवळ हुकुमाने शिरच्छेद केला असता तर "खऱ्या भाऊंना मारले" ही आवई कायम राहिली असती.

हस्तलिखित

याला एक उलटे उदाहरण जोडतो. बंगालमधील भावालचे राजकुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचे जाहीर झाले. सुमारे बारा वर्षांनी ढाक्यात आलेल्या एका संन्याशाला लोकांनी तेच कुमार म्हणून ओळखले. प्रशासनाने त्याला तोतया ठरवले. प्रकरण न्यायालयात गेले, १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तो कायम ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले. 'तोतया' हा शब्द लिहिताना वृत्तपत्रांनी निकालापूर्वी 'कथित' हे विशेषण का जोडावे, याचे याहून सबळ कारण मला ठाऊक नाही.

कोथरूडची वकील

हस्तलिखित यांचे म्हणणे मी अधोरेखित करते. एक व्यावहारिक शंका मात्र राहते. समाजमाध्यमांवरील खोट्या खात्यांसाठी लोक 'फेक अकाउंट' हाच शब्द वापरतात. 'तोतया खाते' म्हणावे का?

सदाशिवपेठकर

सरसकट म्हणू नये. कोणी कल्पित नावाने खाते उघडून कविता लिहीत असेल तर ते टोपणनाव आहे आणि मराठी साहित्यात त्याला मोठी परंपरा आहे. नसलेल्या माणसाच्या नावाने पैसे उकळले जात असतील तर कायदा त्याला काहीही म्हणो, बोलण्यात मी त्याला 'बनावट खाते' म्हणेन. परंतु माझे नाव, माझे छायाचित्र आणि माझ्या मित्रांची यादी उचलून "तातडीने पाच हजार पाठवा" असे माझ्याच नातेवाइकांना जे खाते लिहिते, ते माझा तोतया आहे. तिथे षष्ठी विभक्ती परत येते, आणि शब्द आपल्या जुन्या अर्थाने पूर्णपणे वापरता येतो.

मोडीवाचक

सहमत. स्त्रीसाठी 'तोतयी' असे रूप करू नये, असेही सुचवतो. 'तोतया महिला अधिकारी' या प्रयोगात 'तोतया' विशेषणासारखा न बदलता राहतो आणि तोच रूढ आहे.